गुरुवारी मशिनं बंद असतात

पाव्हण्याने माझा मायक्रोमीटर परत केला तो दिवस मंगळवार होता. बारीक माप घ्यायचं हत्यार, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा, मिटुटोयो कंपनीचा. वर्षभर त्याच्याकडे पडून होता आणि मी मागून मागून थकलो होतो. त्या दिवशी चारच्या चहाला तो स्वतःहून घेऊन आला. पुसलेला, तेलाचा हलका हात दिलेला, डबीत नीट ठेवलेला. मी म्हटलं, "आज सूर्य पश्चिमेला का?" तो हसला. आम्ही चहा प्यालो, एका कंपनीच्या परचेसवाल्याला दोघांनी मिळून शिव्या घातल्या आणि तो गेला. बुधवारी सकाळी त्याच्या शेडसमोर गर्दी होती.

ही जानेवारी २०२२ ची गोष्ट. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गल्लीत सगळ्या छोट्या शेड. कुणाचे दोन लेथ, कुणाचं एखादं मिलिंग, कुणी नुसतं ड्रिलिंग-टॅपिंग करणारा. तो कोल्हापूरकडचा, भेटेल त्याला 'पाव्हणं' म्हणायचा, म्हणून तोच सगळ्यांचा पाव्हणा झाला. स्मशानात लाकडं पेटेपर्यंत त्याचं कर्ज किती होतं, कुणाचा चेक परत गेला होता, याची सगळी माहिती बाहेर आली. प्रत्येक जण म्हणत होता, "एवढं होतं तर सांगायचं तरी." मीही म्हणालो. कुणाला सांगायचं होतं, हे मात्र कुणी बोललं नाही.

दीड वर्षाने तीच पाळी माझ्यावर आली.

माझं गणित या भागात कुणालाही तोंडपाठ असेल असंच. तीन लेथ आणि २०१८ साली कर्ज काढून घेतलेलं एक सेकंडहँड सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. २०१९ मध्ये गाड्यांचा धंदा बसला तेव्हा पहिले हप्ते चुकले, मग टाळेबंदी. त्यातून कसाबसा वर आलो तर पेमेंट एकशेवीस दिवसांनी. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे. पण त्या कायद्याचं नाव काढणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. २०२३ च्या पावसाळ्यात एक मोठा लॉट परत आला. बोअर, म्हणजे आतलं भोक, वीस मायक्रॉन मोठं. चूक माझीच होती, मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, तपासला नव्हता. कंपनीने मजुरी तर कापलीच, वर मालाचे पैसेही माझ्या नावावर टाकले. बँकेची लिमिट संपलेली, म्हणून महिना तीन टक्क्याने एकाकडून उचलले.

मी उदास वगैरे झालो, असं मला तेव्हा वाटलंच नाही. मी चिडका झालो. हेल्परच्या अंगावर पाना फेकला एकदा, लागला नाही म्हणून बरं. छातीत जळजळ, रात्री तीनला टक्क जाग. त्या वेळेला मी एक हिशेब मांडायचो, ज्यात मी वजा झालो की सगळं जुळायचं. सुरुवातीला सकाळी उठल्यावर तो हिशेब वेडगळ वाटायचा. ऑगस्टपर्यंत तो दुपारीही बरोबर वाटायला लागला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रागाच्या, दारूच्या, अंगदुखीच्या रूपात दिसतं, म्हणून घरच्यांनाही 'हल्ली फार तापट झालाय' यापलीकडे काही कळत नाही.

आमच्याकडे सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या गुरुवारी मी शटर अर्धं खाली ओढून शेडमध्ये एकटाच बसलो होतो. मामा शटरखालून वाकून आत आला. मामा म्हणजे आमच्याकडे टूल ग्राइंडिंगला येणारा म्हातारा टर्नर, कराडकडचा, मोठ्या कंपनीतून रिटायर झालेला. "चष्मा ऱ्हायला व्हता," म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातच होता, हे मला नंतर कळलं.

तो स्टूल ओढून बसला. समोर इन्सर्टचा, म्हणजे टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यांचा, डबा होता, वापरलेले-न वापरलेले सगळे एकत्र. त्याने तो टेबलावर उपडा केला, निम्मा ढीग माझ्याकडे सरकवला आणि निवडायला लागला. मीही लागलो. धार गेलेली बाजू नखाने चाचपायची आणि वेगळी ठेवायची. दहा-पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. दोघंही खाली इन्सर्टकडे बघत होतो. मग तो त्याच सुरात म्हणाला, "जीव द्यायचं डोक्यात येतं का रं तुझ्या?"

पत्र्यावरून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. मी म्हणालो, "येतं."

त्याचा हात थांबला नाही. "कवापास्नं?"

"दोन महिने."

"नुसतं येतं, का कसं काय त्ये बी ठरवलंयस?"

मी सांगितलं. आता तो उठला, शेडमधली एक वस्तू उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली. कोणती ते इथे लिहीत नाही. "ही माझ्याकडं ऱ्हाईल. आज रातच्याला तू एकटा ऱ्हायचं न्हाईस."

एवढंच. 'मर्दासारखा मर्द तू' नाही, 'पोराबाळांचा विचार कर' नाही, 'माझ्यावर तर याहून वाईट दिवस आले होते' हेही नाही. मी आतून या वाक्यांची वाटच बघत होतो, कारण ती आली असती तर मला 'बरं बरं' म्हणून विषय संपवता आला असता. तो मला घरी घेऊन गेला. हिच्यासमोर बसवलं आणि विचारलं, "तू सांगतोस का मी सांगू?" मी सांगितलं, तीन-चार वाक्यांत. ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं बाहेर कुणीतरी आहे." आणि रडायला लागली. म्हणजे तीन महिने तीही रात्री तीनला जागीच होती, वेगळ्या हिशेबासाठी.

शुक्रवारी रात्री मामाने दिलेल्या नंबरवर फोन लावला. १४४१६. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. समोर एक बाई होत्या. मी म्हणालो, "माझ्या एका मित्रासाठी विचारतोय." त्यांनी ते चालवून घेतलं. मित्राची झोप कशी आहे, जेवतो का, घरी कोण असतं, आत्ता त्याच्यासोबत कुणी आहे का. पाचेक मिनिटं मी मित्राची माहिती देत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "मित्राला आत्ता बोलून बरं वाटतंय का?" मी म्हणालो, "मॅडम, मित्र मीच." "हो," त्या म्हणाल्या. त्या 'हो'मध्ये आश्चर्य अजिबात नव्हतं. बहुतेक रोज असे खूप मित्र त्यांना भेटत असावेत.

सोमवारी सरकारी दवाखाना. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, कुठला विभाग? मी हळू आवाजात सांगितलं. आतल्या माणसाने ते मोठ्याने म्हणून पक्कं केलं, "मानसोपचार?" मागची रांग ऐकत होती. बाकावर बसलो तर शेजारी ओळखीचा चेहरा, आमच्या भागात टूल विकणारा डीलर. तो म्हणाला, मेहुण्याला घेऊन आलोय. मी म्हणालो, चुलत्याला. दोघांच्याही सोबत कुणी नव्हतं. आम्ही तासभर मेहुणा आणि चुलता सांभाळत तिथे बसून होतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की दोन ते चार आठवडे काही फरक दिसणार नाही, तरी सोडायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं, तोंड कोरडं. मग झोप परत आली. मन नंतर, झोप आधी. दीड महिन्याने मला वाटलं झालं आता, आणि मी स्वतःच गोळ्या बंद केल्या. दिवाळीत पुन्हा तीनला जाग यायला लागली. पुन्हा तीच खिडकी, तोच केसपेपर. हे सांगतोय कारण आमच्यातले निम्मे लोक इथेच फसतात.

पण गोळीने झोप आली, बोलायची सवय काही आली नाही. ती मामामुळे. मामाची दारू २००४ साली सुटली आणि तेव्हापासून तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, त्यामुळे दारू सोडलेली माणसं एकत्र बसून बोलतात ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मामाचं म्हणणं साधं होतं. दारू पिणाऱ्याला बसायला जागा आहे. न पिता जो आतल्या आत मरतोय त्यानं कुठं बसायचं? जानेवारी २०२४ पासून आम्ही माझ्या शेडमध्ये गुरुवारी संध्याकाळी बसायला लागलो. पहिल्या दिवशी पाच जण. त्यातला एक तो टूल डीलर, मेहुण्याला घरी ठेवून आलेला.

नियम मामाच्या मीटिंगांवरून घेतले. वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. 'तू असं कर' चालणार नाही. न मागता सल्ला नाही. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, इथल्या ओळखीवर तर मुळीच नाहीत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, पण कुणाच्या जिवावर बेतत असेल तर गुप्तता संपली, आणि हे आधीच सांगून ठेवायचं. हातात काहीतरी काम ठेवायचं, हा नियम आमचा स्वतःचा. कुणी नट-बोल्ट निवडतो, कुणी व्हर्नियर पुसतो. वर्तुळात खुर्च्या मांडून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसलो तर आमच्यातला एकही तोंड उघडणार नाही.

दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडम दोन गुरुवार येऊन गेल्या. त्यांनी आम्हाला विचारायला शिकवलं, आणि हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. त्या म्हणाल्या, शेजारच्याला विचारा. दहा मोठी माणसं, वीस-वीस वर्षं मशीनवर काढलेली, लाजून हसायला लागली. एकाने विचारलं, "तुम्ही काही बरंवाईट तर नाही ना करून घेणार?" मॅडमनी थांबवलं. 'बरंवाईट' हा शब्द नको. तो समोरच्याला सांगतो की खरा शब्द ऐकायची माझी तयारी नाही. आणि 'नाही ना' तर मुळीच नको, कारण त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकता. समोरचा फक्त 'नाही' म्हणून तुमची सुटका करतो. सरळ विचारा: आत्महत्येचा विचार येतो का? एकाने शंका काढली, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरला तर? त्या म्हणाल्या, तसं होत नाही. विचार असेल तर बोलायला वाट मिळते, नसेल तर तो माणूस 'वेडा आहेस का' म्हणेल आणि तुमचा चहा गार होईल एवढंच. दुसऱ्याला पोलिसांची भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी आकडे सांगितले. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष. महाराष्ट्रात २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे शेतकरी असतात म्हणून. मॅडम म्हणाल्या, शेतीवर जगणारे, मालक-मजूर मिळून, त्या वर्षी देशात ११,२९०. रोजंदारीवरचे एकूण आकड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. मी इतकी वर्षं पेपरात हा विषय वाचत होतो तो विदर्भाचा म्हणून, कापसाचा म्हणून. आपल्या गल्लीचा म्हणून कधी वाचला नाही. पाव्हणा डोळ्यांसमोर गेला तरी नाही.

सगळं छान चाललं असं मात्र नाही. उन्हाळ्यात तीन गुरुवार मी आणि मामा दोघंच होतो. एकजण आला तो पॉलिसी विकायला. दुसरा प्रत्येकाच्या बोलण्यावर मोबाईलमधला सुविचार वाचून दाखवायचा. त्याला सांगायला कुणी तयार होईना, शेवटी मामाने त्याचा फोन टूलबॉक्समध्ये ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून सगळ्यांचेच फोन तिथे जातात. आणि बोलल्याने कर्ज फिटत नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं. एकाला चेक न वटल्याची नोटीस आली होती, कलम १३८ ची. त्याला मन मोकळं करायला जागा नको होती, त्याला वकील हवा होता. आमच्यात एक बँकेतून रिटायर झालेले काका येतात. त्यांनी चार गुरुवार त्याच्या वह्या घेऊन बसून हप्ते नव्याने बांधून मिळावेत म्हणून बँकेचा अर्ज केला. माझाही त्यांनीच केला. माझं कर्ज अजून आहे, फक्त ते आता कागदावर आहे, रात्री तीनला छताला टांगलेलं नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. मागच्या वर्षी जुलैत रात्री साडेबाराला फोन आला. आमच्या गल्लीतला सीएनसी ऑपरेटर, चोवीस वर्षांचा, बिहारचा. एकदाच आला होता, कोपऱ्यात बसून गेला होता. म्हणाला, "भैया, नींद नहीं आ रही." मी गाडी काढून त्याच्या खोलीवर गेलो. जिन्यात बसलो. सगळं शिकलेलं असूनही मी सुरू केलं: अरे तुझं वय काय, गावाकडे आईबाप, मी बघ कसा बाहेर आलो. मी पाऊण तास बोलत होतो आणि तो 'जी भैया' म्हणत होता. मग माझ्याच लक्षात आलं की हे 'जी' म्हणजे माझं 'बरं बरं' आहे. गप्प झालो. त्याच्या मोबाईलच्या कव्हरची एक कड निघाली होती, ती तो नखाने दाबत होता, पुन्हा निघत होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, सरळ, हिंदीत. मराठीत तो प्रश्न आता मला जमतो. हिंदीत माझी जीभ अडखळली. तो म्हणाला, "हाँ." उजाडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. सकाळी त्याच्याच फोनवरून टेली-मानसला हिंदीत बोलणं करून दिलं, नऊला दवाखान्यात. आता तो गावी आहे, महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. त्या रात्रीचा पहिला पाऊण तास आठवला की मला अजून घाम फुटतो.

पाव्हण्याच्या घरी मी दोन वर्षांनी गेलो. आधी धाडस झालं नाही. वहिनींना मायक्रोमीटरचं सांगितलं. वस्तू परत करणं, उधारी चुकती करणं, जपलेल्या गोष्टी कुणाला देऊन टाकणं, आणि मग माणूस अचानक शांत दिसणं, ही धोक्याची खूण असू शकते हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी त्यावर विनोद केला होता. वहिनी म्हणाल्या, त्याच आठवड्यात त्याने त्यांच्या भावाची ड्रिल मशीनही परत पाठवली होती, आणि त्यांना वाटलं होतं चला, माणूस मार्गी लागला. आम्ही दोघंही बराच वेळ तेवढंच बोललो, कुणाकुणाला काय काय परत गेलं होतं. त्यांनी पोहे केले होते. निघताना म्हणाल्या, त्याचं नाव घेऊन कुणी घरात आलं, असं खूप दिवसांनी झालं.

तो मायक्रोमीटर मी वापरत नाही. कपाटात आहे.

मागच्या गुरुवारी टूल डीलर माझा एमटेनचा, दहा मिलिमीटरचे आटे पाडायचा, टॅप सेट परत घेऊन आला. सहा महिने झाले होते. डबी उघडून बघितली, तिन्ही टॅप पुसलेले, तेल लावलेलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. बाकीचेही बघायला लागले. मी शटर थोडं खाली ओढलं आणि विचारलं, "का परत करतोयस? आत्महत्येचा विचार येतोय का?"

तो आधी भांबावला, मग हसायला लागला. "अहो, नवा स्टॉक आलाय दुकानात. तुमचा कशाला ठेवू?"

"नक्की?"

"नक्की." मग जरा थांबून म्हणाला, "आज नाही येत. मार्चमध्ये येत होता."

मामाने नट-बोल्टचा डबा त्याच्याकडे सरकवला, आणि मी चहाला आणखी पाणी टाकलं.